पालेर्मोचा कासव-अमीर

पालेर्मो, इटलीच्या सिसिली बेटावरचं शहर. ट्रॅममधून उतरलो तर समोर पूल आणि खाली नदीच नाही! पोन्ते देल्ल अम्मिराल्यो, म्हणजे आरमारप्रमुखाचा पूल. ओरेतो नदी पुढे कधीतरी वळवली गेली. आता दगडी कमानींखाली नुसतं गवत.

पूल बाराव्या शतकात बांधून घेतला अंतिओखच्या जॉर्जने. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर, त्याचा हा उजवा हात. मूळचा ग्रीक ख्रिस्ती, अरबीत मुरलेला. आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महदियाच्या सुलतान तमीमच्या पदरी होता. ११०८ मध्ये तमीम वारला, नव्या धन्याशी पटलं नाही, म्हणून गुपचूप सिसिलीला सटकला. आणि चाळीस वर्षांनी, ११४८ मध्ये, आरमार घेऊन जाऊन तीच महदिया जिंकली! घरभेदी म्हणावं की हुशार? मी हुशार म्हणेन. ११४७ च्या ग्रीसवरच्या स्वारीत तर तिथल्या थीब्स शहराचे रेशीम विणणारे कारागीरही उचलून पालेर्मोला आणले.

त्याची पदवी होती 'अमीरांचा अमीर'. आजचा 'ॲडमिरल' हा शब्द याच 'अमीर'मधून आलेला. आपल्याकडे सरखेल, तिकडे अमीर.

११४३ च्या सुमारास त्याने बांधलेलं चर्च, मार्तोराना, पियात्सा बेल्लिनीत आहे. पहिल्या दिवशी आत लग्न चालू होतं, हात हलवत परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. एका भिंतीवरच्या मोझेइक चित्रात ख्रिस्त स्वतः रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. त्यावर लिहिलेला 'रेक्स' (राजा) हा लॅटिन शब्द, पण अक्षरं ग्रीक. घुमटाखालच्या लाकडी पट्टीवर ख्रिस्ती स्तोत्र, तेही अरबीत.

आणि जॉर्ज? तो मेरीच्या पायाशी, गुडघे आणि कोपरं टेकून. पांढरी दाढी, बारीक चेहरा आणि वर निळसर पाठीचा भलामोठा उंचवटा. थेट कासव! अंगाचा भाग जुन्या डागडुजीत बिघडला म्हणतात. शेजारच्या इटालियन आजी बघून खुदकन हसल्या, मलाही आवरेना. मेरीच्या हातात गुंडाळी आहे, तिच्यावर मुलाकडे विनंती: या जॉर्जचं रक्षण कर, त्याला पापांची क्षमा दे. थीब्सच्या विणकरांना विचारलं असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं, कोण जाणे.

बाहेर आल्यावर बदामाच्या वाटणाची ती प्रसिद्ध फळं घेतली, तीही 'मार्तोराना'च. बायकोने संत्रं निवडलं, मी अंजीर. भयंकर गोड. अर्धं अजून पिशवीत आहे.