एका नंबरापायी अंगणात पडून राहिलेला ड्रोन

आमचा फवारणीचा ड्रोन दहा लिटर टाकीचा. पंचवीस किलोच्या आतला, म्हणजे स्मॉल वर्गातला. राळेगाव तालुक्यातल्या आम्ही चार जणांनी पैसे जमवून तो जुना घेतला, नव्याच्या जवळपास निम्म्या भावात. मालकी बदलायचा डी-३ फॉर्म ऑनलाइन भरला, १०० रुपये फी भरली आणि तो माझ्या नावावर झाला. विकणारा माणूस सरळ होता, त्यामुळे त्यात काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. जुलैच्या शेवटी आमच्याच वावराच्या धुऱ्यावर विजेच्या खांबाला आधार देणारा तारेचा ताण मला दिसला नाही. ड्रोन त्यात अडकून खाली आला. ड्रोनचा एक हात मोडला आणि फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा आतला मेंदू, गेला. हात चार दिवसांत बसला. कंट्रोलरने मात्र एकोणीस दिवस खाल्ले, ते लिहिल्याशिवाय माझा राग जायचा नाही.

ड्रोनचा यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, नुसत्या ड्रोनचा नसतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो तीन नंबरांशी बांधलेला असतो: ड्रोनचा, आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा आणि हातातल्या रिमोटचा. कंट्रोलर किंवा रिमोट बदलला तर नवा नंबर सात दिवसांत किंवा पुढच्या उड्डाणाआधी, जे आधी असेल तेव्हा, नोंदवायचा. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. चार घरांचा पैसा अडकलेला असताना ही जोखीम घ्यायची माझी तयारी नव्हती.

सर्व्हिस सेंटरने ड्रोन परत पाठवला. बिलावर एवढंच लिहिलेलं: ‘फ्लाइट कंट्रोलर, १ नग’. नंबर नाही. फोन केला तर म्हणाले, व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तीन दिवसांनी आला. तो फॉर्ममध्ये भरण्याआधी सहज रिमोटच्या स्क्रीनवर ताडून पाहिला, तर शेवटून तिसरं अक्षर वेगळं. त्यांच्याकडे आठ, स्क्रीनवर इंग्रजी बी. पुन्हा फोन. “साहेब, उडतो ना ड्रोन? मग उडवा.” हे वाक्य मी चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. खरा नंबर कंट्रोलरच्या बुडाशी चिकटवलेला, त्याच्यावर झाकण, झाकणाच्या स्क्रूवर त्यांचं सील. सील तोडलं की वॉरंटी गेली. मेलला उत्तर नाही.

इकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे चढलेले. शेजारचे काकाजी रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभे राहायचे. “काऊन रे बापू, केव्हा उठते तुहा ड्रोन?” त्यांना काय सांगणार, एका अक्षरासाठी बसलोय म्हणून? बाराव्या दिवशी बाबांनी माळ्यावरचा पाठीवरचा पंप उतरवला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. पऱ्हाटी छातीएवढी झाली की औषध सरळ तोंडावर येतं. ड्रोन घेतला तोच त्यासाठी.

अठराव्या दिवशी ड्रोन खोक्यात घातला आणि पहाटेच्या एसटीने नागपूरचं सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवर सांगितलं, “नंबर लिहिलेलं बिल मिळाल्याशिवाय मी जात नाही जी.” दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून होतो. शेवटी आतून एक तरुण ताई आली. तिने सील काढलं, मोबाइलची बॅटरी लावून स्टिकर वाचला, मला वाचायला लावला. बी होता. नवं सील, नवं बिल, सगळं मिळून पंधरा मिनिटं. तिचे मी मनापासून आभार मानले. पण पंधरा मिनिटांच्या कामासाठी फवारणीचा एक पूर्ण फेरा हातचा गेला, त्याची भरपाई कोण देणार?

दुसऱ्या दिवशी घरून नंबर नोंदवला. आधी काकाजींचं वावर केलं.

तुमच्याकडे ड्रोन असेल तर भाग बदलताना नंबर बिलावर लिहून घ्या, आणि स्क्रीनवरच्या नंबराशी तिथेच, उभ्याउभ्या ताडून पाहा. मला बाजारातला एक कंट्रोलर चौथाई किमतीत मिळत होता, बसवून द्यायलाही माणूस तयार होता. मी घेतला नाही. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मान्यतेचा दाखला, त्या मॉडेलला त्याच्या मूळ घडणीसह मिळालेलं असतं; दुसरंच काही आत बसवलं तर तो ड्रोन त्या दाखल्यातला राहत नाही. पैसे वाचवायचे तर जुना घ्या, भागीत घ्या, पण आतला मेंदू कंपनीचाच ठेवा.

त्याच दिवसांत एक एजंट येऊन गेला. म्हणे, ट्रॅकर आत्ताच लावा, नाहीतर ड्रोन जप्त. घाबरू नका. ट्रॅकर किंवा जिओफेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणारी सोय) सक्तीचं करायचं झालं तर आधी अधिसूचना काढून किमान सहा महिने मुदत द्यायची, असं नियमातच आहे. ते वाचून दाखवल्यावर तो चहा घेऊन गेला.

पायलट सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट लागतो म्हणून गावातली पोरं अजून थांबून आहेत. २०२३ च्या सप्टेंबरपासून ती अट गेली, मतदान कार्ड, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. दहावी पास आणि वय अठरा ते पासष्ट हवं.

आणि विम्याचं राहिलंच. सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी. दुसऱ्याचं नुकसान झालं तर कामाचा. माझ्या ड्रोनच्या मोडलेल्या हाताचे आणि कंट्रोलरचे पैसे माझ्याच खिशातून गेले, तेव्हा स्वतःच्या ड्रोनचं नुकसान भरून देणारी पॉलिसी मिळते का, ते हंगामाआधी विचारून ठेवा.