गहू आंबला की नासला?

कुरडयांचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो: "गहू भिजवून दोन दिवस झाले, पाण्यावर फेस आलाय, वासही येतोय. आंबतोय की नासलाय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा खोलात जाऊन.

आधी दिवस मोजणं सोडा. 'तीन दिवस भिजवा, चौथ्या दिवशी वाटा' हे फाल्गुनात जमतं. एप्रिलच्या शेवटी जळगाव-भुसावळकडे पारा 42-43 वर गेला की तोच गहू दोन-अडीच दिवसांतच तयार होतो. खरी परीक्षा दाण्याची. तळातला एक दाणा काढून चिमटीत दाबा. साल वेगळं होऊन दुधासारखा पांढरा चीक बाहेर आला आणि बोटांत कण लागला नाही, की लगेच वाटायला घ्या. मधे टणक गाठ लागली तर अजून सहा-आठ तास द्या. दाणे चार ठिकाणचे बघा, कारण वरचे आणि तळाचे सारखे भिजत नाहीत.

पाण्यात जी आंबट करणारी जिवाणूंची फौज वाढते, ती लॅक्टिक आम्ल तयार करते, म्हणजे दह्यातलंच. आम्लामुळे गव्हातलं चिवट ग्लुटेन सैल पडतं आणि त्यात अडकलेला स्टार्च सुटतो. हे अर्धवट झालं तर चीक चोथ्यातच राहतो, आणि पदरात थोडाच पडतो. जास्त झालं तर चीक पातळ आणि आंबटढोण होतो, सोऱ्यातून पडताना तुटतो आणि कुरडई लालसर दिसते.

फेसावर विसंबू नका. बारीक बुडबुडे म्हणजे काम सुरू आहे, एवढंच. पाणी बदललं की फेस जातो, आंबणं चालूच असतं. नाकाचं जास्त ऐका. ताकासारखा, स्वच्छ आंबट वास हवा. कुजल्यासारखा किंवा गटारासारखा वास, पाण्याला तार, बोटांना बुळबुळीतपणा, दाण्यांवर गुलाबी, हिरवे किंवा काळे डाग, यातलं काहीही दिसलं तर सगळं टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरू नका.

बहुतेक वेळा बिघडतं ते पाण्यामुळे. पाणी गव्हाच्या वर चार बोटं हवं. गहू फुगून वर आला आणि दाणे उघडे पडले तर त्यांना मोड येतात, मग स्टार्चची साखर व्हायला लागते. पाणी रोज बदलायचं, पण कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक वेळी गहू हाताने हलवून धुवायचा. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला आंबट पाणी लागतं. ते गच्चीवर नको, माठाशेजारी सावलीत ठेवा. घट्ट झाकण नको, कापड बांधा.

वाटून, चाळणीतून आणि मग कापडातून गाळल्यावर दुसरी परीक्षा. चीक सहा-आठ तास स्थिर राहू द्या. नीट आंबलेल्या गव्हाचे थर स्पष्ट दिसतात: वर पिवळसर पाणी, मग करडा-तपकिरी पातळ थर, तळाला पांढराशुभ्र चीक, इतका घट्ट की भांडं तिरकं केलं तरी हलत नाही. पाणी ओता, करडा थर चमच्याने खरवडून काढा. तो राहिला तरी कुरडई काळपट होते, आणि दोष उगाच गव्हावर जातो. थरच पडले नाहीत, सगळं गढूळ राहिलं, तर बहुधा गहू कमी भिजलाय.

चीक थोडा जास्त आंबट वाटला तर घाबरू नका. त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळा, तीन-चार तास बसू द्या, पाणी ओतून टाका. आंबटपणा बराच उतरतो. सडका वास मात्र असा धुऊन जात नाही. तो चीक ना घाटायचा, ना गुरांना घालायचा.