तात्काळ रुजू होणारा, पण सध्या नोकरीत असलेला

भरती विभागात काम करते असं सांगितलं की हल्ली लोक आधी बायोडेटा पाठवतात आणि मग बोलायला लागतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजार थंड आहे. लोकांना सरसकट काढून टाकत नाहीयेत, पण नव्याने घेतही नाहीयेत. जो जिथे आहे तो तिथेच खुर्ची धरून बसलाय, त्यामुळे जागा रिकाम्या व्हायच्याच थांबल्यात. अशा वेळी एक साधी सीनियर अकाउंटंटची जागा निघाली आणि तिने माझी झोप उडवली. ती गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेल्या दोन गोष्टी.

पहिली सॉफ्टवेअरची. योग्य शब्द पेरले नाहीत तर मशीनच तुमचा अर्ज कचऱ्यात टाकतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. आमचं सॉफ्टवेअर एवढं हुशार नाही. फॉर्ममधल्या दोन-तीन प्रश्नांवर ते काही जणांना बाद करतं आणि उरलेल्यांना आल्या वेळेप्रमाणे रांगेत लावतं, बस. खरी चाळणी म्हणजे आमचा दिवस संपणं. पहिल्या एक-दोन दिवसांत आलेल्या अर्जांतून यादी तयार होते. त्यानंतरचे अर्ज कोणी नाकारत नाही, ते उघडलेच जात नाहीत. त्यात एका क्लिकवर अर्ज करायची सोय आणि एआयने लिहिलेली पत्रं. शेकडो माणसांना आमच्या 'प्रतिष्ठित संस्थेत मोलाचं योगदान देण्याची तीव्र इच्छा' एकाच शब्दांत होते, तेव्हा वाचणाऱ्याचं डोकं बधिर होतं.

दुसरी गोष्ट अशी की जाहिरात आहे म्हणजे जागा आहे, असं नाही. कधी आतला माणूस ठरलेला असतो आणि नियम म्हणून जाहिरात निघते. कधी पुढेमागे लागतील म्हणून बायोडेटा गोळा करून ठेवायचे असतात. आणि सगळ्यात जास्त वेळा, मंजूर झालेली जागा वापरली नाही तर वरचे ती काढून घेतात, म्हणून विभागप्रमुख 'शोध चालू आहे' एवढं दाखवण्यापुरती जाहिरात जिवंत ठेवतात. उमेदवार तिकडे रात्र जागवून फॉर्म भरत असतो.

ही जागा मात्र खरी होती. अकाउंट्समधले एकजण निवृत्त झाले होते आणि महिनाअखेरचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब पुरे करून बंद करणं, उरलेल्या तिघांच्या अंगावर आलं होतं. अकाउंट्सच्या सरांनी मागणीपत्रात लिहिलं, 'तात्काळ रुजू होणारा हवा.' आणि फोनवर सांगितलं, 'बघा हं, सध्या नोकरीत असलेलाच द्या.'

मी म्हटलं, 'सर, जो नोकरीत आहे त्याला नोटीस पीरियड असणार. जो उद्या येऊ शकतो त्याला नोकरी नसणार.'

'ते तुम्ही बघा,' सर म्हणाले. 'कामाचा माणूस घरी बसत नाही.'

सर माणूस म्हणून वाईट नाहीत, हेही सांगून टाकते. हिशेबात पक्के आहेत, हाताखालच्यांची बाजू घेतात. पण माणूस निवडायची वेळ आली की त्यांना दुसऱ्या कोणीतरी आधी निवडलेलाच माणूस लागतो. हा आजार आमच्या धंद्यात सर्रास आहे, त्यांच्यापुरता नाही.

यादीत मी एक अर्ज हट्टाने ठेवला. चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, अकाउंट्समध्ये उमेदीची सगळी वर्षं एकाच कंपनीत, आणि नंतर चौदा महिन्यांची गॅप. जुन्या कंपनीने अकाउंट्सचं काम दुसऱ्या शहरातल्या केंद्रात हलवलं आणि इथला विभागच बंद केला. अर्ज अडीच ओळींचा होता. तीव्र इच्छा वगैरे काही नव्हती. खरं सांगायचं तर म्हणूनच नजर थांबली.

मुलाखतीच्या दिवशी आधी लेखी परीक्षा होती. पेपर अकाउंट्सवाल्यांनीच काढला होता. एका महिन्याचं बँक बुक, म्हणजे कंपनीने स्वतः लिहिलेल्या बँकेच्या नोंदी, त्याच महिन्याचं बँक स्टेटमेंट, आणि करायचं रिकन्सिलिएशन, म्हणजे दोन्हींचा मेळ घालणं. न वटलेले चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस वगैरे नेहमीच्या बाबी जुळवून झाल्या की शेवटी २,७०० चा फरक उरतो. ती मुद्दाम घातलेली चूक. बहुतेकांनी हा फरक सस्पेन्स खात्यात टाकला आणि पेपर दिला. सस्पेन्सला टाकणं म्हणजे 'नंतर बघू'. घाईत सगळेच करतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते नंतर कधी उजाडत नाही.

या गृहस्थांनी काय केलं ते मी समोर बसून पाहिलं. त्यांनी आधी स्टेटमेंटला हातच लावला नाही. कोपऱ्यात २,७०० लिहिलं, त्याला ९ ने भागलं, ३०० आले, आणि बँक बुकवरून बोट फिरवायला सुरुवात केली. नंतर विचारलं तेव्हा सांगितलं: आकडे टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे पडले तर येणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो. भागाकार ३०० आला, म्हणजे उलटापालट शतक आणि हजाराच्या अंकांत आहे आणि त्या दोन अंकांत ३ चा फरक आहे. आता सगळ्या नोंदी तपासायची गरज नाही, असे अंक असलेल्याच नोंदी बघायच्या. ७,४२० च्या जागी ४,७२० पडलेली नोंद त्यांना चहा गार व्हायच्या आत सापडली. अकाउंट्सवाल्यांना ही युक्ती माहीत असते, पण हाताला इतकी बसलेली क्वचित दिसते. मी या कामात इतकी वर्षं पेपर गोळा करतेय, तरी बघत बसले.

फरक शून्य झाला. इथे कोणीही पेन खाली ठेवतो. त्यांनी ठेवलं नाही. दोन नोंदींना गोल करून समासात लिहिलं: 'रकमा जुळतात, माणसं जुळत नाहीत.' एका पुरवठादाराच्या नावावर ३,१५० चं पेमेंट दोनदा पडलं होतं, दोन्हीकडे संदर्भ क्रमांक तोच. बँकेतून मात्र ३,१५० एकदा त्याला गेले होते आणि एकदा भलत्याच पुरवठादाराला. फक्त रकमेवर टिक करत गेलं तर सगळं जुळतं. म्हणजे पुस्तकात एकाला जास्त पैसे गेल्याचं दिसतंय, आणि दुसऱ्याला पैसे पोचूनही त्याचं बिल उभंच आहे.

मुलाखतीत सरांचा पहिला प्रश्न अर्थातच, 'चौदा महिने काय करत होता?'

त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. केलेल्या अर्जांची एजिंग शीट. येणी वसूल करताना करतात तशी: तीस दिवसांपर्यंतचे, तीस ते साठ, साठ ते नव्वद, नव्वदच्या पुढचे. शेवटच्या रकान्याला शीर्षक होतं 'बुडीत'. सगळ्यात लांब रकाना तोच, आणि त्यात नकार फारसे नव्हतेच, नुसती उत्तरंच आलेली नव्हती. आमच्या कंपनीचं नाव त्यात दोनदा होतं. ते मी वाचलं, सरांनीही वाचलं, आणि आम्ही दोघांनी पान उलटलं.

मग अडखळत म्हणाले, 'दोन-तीन दुकानदारांची पुस्तकं लिहून देतो आठवड्यातून एखादा दिवस. बायोडेटात घातलं नाही. सीनियरच्या पदाला ते हलकं दिसेल असं वाटलं.'

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मापदंडानुसार आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे सरकारी पाहणी करणारा दारात आला असता तर त्याने या गृहस्थांना कामावर असलेले म्हणून लिहून घेतलं असतं. आमच्या टेबलावर ते चौदा महिने बेकार होते.

ते गेल्यावर दार लावून चर्चा. मी पेपर पुढे केला. सरांनी दुसरी खूण बघितली आणि म्हणाले, 'ही चूक आपण घातलेली नाही.' पेपर काढणाऱ्या ज्युनियरने खालच्या मानेने सांगितलं की पेपर म्हणजे मागच्या वर्षीचा आपलाच डेटा आहे, फक्त पार्टीची नावं बदलली आणि एक आकडा उलटा केला. सरांनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून खरी नोंद काढली. चूक तशीच्या तशी आमच्या पुस्तकात होती. एक पुरवठादार कित्येक महिने मेलवर मेल करत होता की मला ३,१५० कमी आलेत, आणि आमचे लोक त्याला ठसक्यात कळवत होते की तुम्हाला आधी जास्त गेलेत, ते वळते केले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची नोंद पडली, पुरवठादाराचे पैसे गेले. निवड मात्र दुसऱ्याची झाली. सध्या नोकरीत असलेल्याची. त्याचे २,७०० सस्पेन्समध्ये होते.

मी भांडले. कोरी क्रॉफ्ट, फाबियन लांगे आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांचा एक प्रयोग आहे, २०१३ साली छापलेला, तो मी सरांपुढे ठेवला. त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १०० शहरांतल्या ३,००० जाहिरातींना १२,००० बनावट बायोडेटा पाठवले होते. बेकारीचे महिने वाढले तसे मुलाखतीचे फोन कमी होत गेले, पहिल्या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त. पण मला दाखवायचं होतं ते पुढचं: ज्या शहरांत मुळातच नोकऱ्या कमी होत्या, तिथे ही घसरण सौम्य होती. म्हणजे बाजार मंद असला की मालकांनाही कळतं की घरी बसणं हा माणसाचा दोष नाही. निदान काही मालकांना.

सर म्हणाले, 'हे मुलाखतीला बोलावण्याबद्दल आहे ना? आपण बोलावलं की.' यावर मला उत्तर सुचलं नाही. मुद्दा त्यांचा बरोबर होता. पुढे म्हणाले, 'आणि एवढा अनुभव आहे, बाजार सुधारला की हे पहिले जातील.' म्हणजे चौदा महिने कोणी घेतलं नाही म्हणून नको, आणि उद्या कोणीही घेईल म्हणूनही नको. मी सिस्टीममध्ये माझी असहमती नोंदवली आणि पेपर जोडला. मग सुचवलं की निदान त्या सापडलेल्या चुकीबद्दल काही मानधन तरी द्या. फायनान्समधून उलट प्रश्न आला, 'कुठल्या हेडखाली?' सरांनाही तो विनोद वाटला नाही, खरोखरची अडचण वाटली.

नकाराचे मेल सिस्टीममधून आपोआप जातात. या एका वेळी मी स्वतः फोन केला. त्यांनी कारण विचारलंच नाही. एकच विचारलं, 'मॅडम, ती दुसरी चूक बरोबर होती का?'

मी म्हटलं, 'बरोबर होती. आणि ती खरी होती.' सगळं सांगून टाकलं.

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, 'हे लेखी मिळेल का? पुढच्या ठिकाणी गॅपचं विचारतील तेव्हा दाखवायला.'

मी चार ओळींचं पत्र तयार केलं. ते लीगलकडे गेलं. कंपनीत नसलेल्या माणसाला अनुभवाचं पत्र देता येत नाही, आणि आपल्या पुस्तकात चूक होती असं लेटरहेडवर देणं तर नाहीच, असा शेरा घेऊन परत आलं. आता मी त्यातून चूक हा शब्द काढून 'लेखी चाचणीत उल्लेखनीय कामगिरी' असं करून पुन्हा पाठवलंय. वाचायला ते एआयच्या पत्रासारखंच लागतंय.

निवडलेल्या उमेदवाराला दोन महिन्यांचा नोटीस पीरियड आहे. तात्काळ रुजू होणाऱ्यासाठी अडून बसलेले सर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. अकाउंट्सचे तिघं क्लोजिंगला रात्री उशिरापर्यंत थांबतात. तो प्रत्यक्ष हजर होईपर्यंत जाहिरात काढायची नाही असा नियम, त्यामुळे जाहिरात चालूच आहे. ती बघून त्या गृहस्थांनी परवा पुन्हा अर्ज केला. सिस्टीमने तो तत्क्षणी नाकारला, कारण त्याच पदासाठी सहा महिने पुन्हा अर्ज चालत नाही. अपवाद करावा म्हणून मी तिकीट टाकलं, ते 'नियमानुसार' असं लिहून बंद करण्यात आलं. आज सकाळी ते पुन्हा उघडलंय, आणि या वेळी सरांना कॉपीत ठेवलंय.