हँडलवरचा वाटाड्या

मुंबईत मोटरसायकल चालवणाऱ्याने रस्ता दाखवणारं कुठलंही ॲप उघडलं की आधी एवढंच बघावं, चारचाकीच्या चित्राशेजारी दुचाकीचं चित्र आहे का. नसेल तर ते ॲप कितीही गुणाचं असो, कधी ना कधी ते आपल्याला पोलिसाच्या पुढ्यात नेऊन उभं करणार. कारण इथे दुचाकीला मज्जाव असलेल्या रस्त्यांची यादी वाढतेच आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला, तिथे बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. शहराबाहेर पडावं म्हटलं तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी, दोन्हीकडे तोच फलक. वाऱ्याचे झोत, गाड्यांचा वेग, ही कारणं मला पटतात. तरी अटल सेतूचा माझा राग काही जात नाही. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंना पाणी, आणि त्यावरून जाणार कोण, तर काचा बंद करून एसीत बसलेले लोक!

गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय काढला आणि जगात सगळ्यात आधी तो भारतात आणला, यात नवल नाही. त्याआधी आम्ही मोटारीचा रस्ता बघायचो, त्यातून मनातल्या मनात सागरी सेतू वजा करायचो, माहीम आणि कॅडल रोड मिळवायचो, सिग्नलचे हातचे धरायचो आणि घरी कळवायचो की पोचते पाऊण तासात. घरचे आपले आणखी अर्धा तास धरून कुकर लावायचे.

माझा भाचा ओंकार. त्याने साडेतीनशे सीसीची गाडी घेतली आणि गाडीपाठोपाठ गाडीवर काय काय लावायचं याचं वेड घेतलं. ‘मावशी, गार्मिनचं झुमो घेऊ की फोनच लावू?’ त्याला स्कूटर मी शिकवली, पार्ल्याच्या गल्ल्यांतून, त्यामुळे दुचाकीच्या विषयात त्याच्या लेखी अजून मीच तज्ज्ञ.

‘जायचंय कुठे तुला?’
‘लडाख. लेह, नुब्रा, सगळं.’
‘आणि रोज?’
‘रोज काय, पवई.’

झुमो, म्हणजे हँडलवर लावायचं रस्ता दाखवणारं यंत्र, वाईट मुळीच नाही. मोटरसायकलसाठीच घडवलेलं, त्यामुळे त्यात फोनची एकही नाजूक खोड नाही. पाऊस लागत नाही, हातमोज्यांच्या बोटाने चालतं, टळटळीत उन्हात पडदा दिसतो, इंजिनाच्या थरथरीने काही बिघडत नाही. नकाशा यंत्रातच भरलेला, त्यामुळे घाटात रेंज गेली तरी बिघडत नाही. जवळचा रस्ता सोडून मुद्दाम वळणावळणाचा रस्ता काढून देण्याचीही सोय असते, आणि ज्याला मोटरसायकल कळते त्यालाच ही सोय कळते. टॉमटॉमचं रायडर हेही त्याच जातीचं. किंमत मात्र एका बऱ्यापैकी फोनइतकी किंवा त्याहून चढी.

पण मुंबईत हे यंत्र मार खातं ते वेगळ्याच कारणाने. त्यातला नकाशा तुम्ही शेवटचा ताजा केलात तेव्हाची मुंबई दाखवतो, आणि ती मुंबई तोवर बदललेली असते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात मेट्रोचे पत्रे एका नाक्यावरून उठून दुसऱ्या नाक्यावर गेले, एकदिशा रस्ते उलटे झाले, सुलटे झाले. असल्या शहरात वाटाड्याला आज सकाळची खबर पाहिजे. ती फोनवरच मिळते, कारण पुढे अडकलेल्या शेकडो लोकांचे फोनच ती पुरवत असतात. यंत्रालाही रहदारीची बातमी हवी असली की ते ब्लूटूथने तुमच्या फोनकडेच हात पसरतं.

म्हणजे पवईला फोन. पण फोन हँडलवर लावणं ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही.

एक तर थरथर. २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन जोडू नका, त्या कंपनाने कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. स्कूटरवर लावायचा असेल तर कंपन शोषणारा माउंट वापरा, असंही. ओंकारच्या गाडीचं एकच सिलिंडर ठोके कसे देतं ते सिग्नलला शेजारी उभं राहिलं तरी कळतं. मग ऊन. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते. मे महिन्यात मुंबईत सावलीतच पारा तिथे टेकलेला असतो. त्यात फोन उघड्यावर, पडद्याचा उजेड पूर्ण, जीपीएस चालू, खालून चार्जिंग चालू. सायनपर्यंत जाईस्तोवर त्याला हात लावावासा वाटत नाही आणि नेमकं वळण आलं की पडदा काळवंडतो.

आणि पाऊस. तो तर मुळावरच येतो. टचस्क्रीनला बोट ओळखता येतं ते विजेच्या बारीक भारावरून, आणि पावसाचा थेंबही बोटासारखाच वीज वाहतो. जुलैमध्ये किंग्ज सर्कलला सिग्नलला उभी असताना मी हा तमाशा अगदी निवांत बघितलेला आहे. पहिला टपोरा थेंब पडला, नकाशा जरा सरकला. दोन थेंब एकदम पडले, त्याला वाटलं चिमटा काढतायत, त्याने नकाशा लहान केला. माटुंगा गेलं, मुंबई गेली, कोकणपट्टी आली, मग नुसता अरबी समुद्र. मी ओल्या अंगठ्याने पुसायला गेले तर पुसण्यालाही तो आज्ञा समजला आणि जवळचे पेट्रोल पंप दाखवू लागला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. शेजारी जेवणाची डिलिव्हरी करणारा एक पोरगा होता. त्याचा फोन दुधाच्या पिशवीसारख्या जाड प्लास्टिकमध्ये, वर दोन रबरबँड, आणि प्लास्टिक फोनला चिकटू नये म्हणून आत पुठ्ठ्याची एक चौकट. थेंब प्लास्टिकवर, पडदा त्याच्या खाली हवा राखून. असली जुगाडं दिवसभर पावसात राबणाऱ्यालाच सुचतात. सिग्नल सुटला आणि तो बिनचूक निघून गेला.

यावर उपग्रह बिचारे काय करणार! ते वीसेक हजार किलोमीटरवरून फिरतायत आणि सतत एवढंच सांगतायत की मी अमुक, इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले. निदान चौघांचं ऐकून फोन ताळा करतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो. फोन उलट काहीही पाठवत नाही. म्हणून माळशेजमध्ये रेंज गेली तरी आपला निळा ठिपका हलत राहतो. गायब होतो तो खालचा नकाशा, आणि लोक मात्र ‘जीपीएस गेलं’ म्हणून फोन हवेत उंच धरतात. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला की काम झालं. ऑस्मअँडसारखी ॲप्स तर आख्खा महाराष्ट्र फोनमध्ये भरून देतात, आणि त्यात मोटरसायकलसाठी वेगळी मांडणीही आहे.

मोकळ्या आभाळाखाली हा हिशोब साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येतो. लोअर परळला येत नाही. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि उपग्रहाचा संदेश त्यांच्या काचांवर आपटून आडवाटेने फोनपर्यंत पोचतो. सेकंदाच्या एक कोट भागांतल्या एका भागाचा उशीर झाला तरी तीस मीटरची चूक. मी रस्त्यावर ट्रकच्या मागे धूर खात असते, आणि ठिपका मला कुठल्याशा टॉवरच्या पोहण्याच्या तलावात नेऊन सोडतो. त्याच्या डोळ्यांनी बघितलं तर माझं बरं चाललंय.

याहून बिकट जे. जे. उड्डाणपूल. २०१० पासून त्यावर दुचाकीला बंदी, म्हणजे आपण खालून, मोहम्मद अली रोडने. वर पूल, खाली रस्ता, आणि पूल कुठे, रस्ता कुठे हे वरून बघणाऱ्याला सारखंच. फोनला आडवं ठिकाण बरं कळतं, उंची तितकीशी कळत नाही. तो धरून चालतो की तुम्ही वर आहात, आणि भायखळ्यापर्यंत गप्प बसतो. तुम्ही खाली हातगाड्या, टॅक्सी आणि मिनारा मशिदीसमोरची गर्दी यांतून मुंगीच्या पावलाने जात असता आणि तुम्हाला आत वळायचं असतं ते वळण कधीच निघून गेलेलं असतं. उड्डाणपूल पुढे आहे, चढा किंवा चढू नका, हे सांगण्याची सोय गूगलने भारतात २०२४ मध्ये आणली, तीही आधी चारचाकीसाठी.

या सगळ्यावरून माझं एक मत झालंय आणि ओंकारला ते फार जुनाट वाटतं. गाडी चालवताना नकाशा बघायचाच नाही. मोटारीत मान न वळवता पडदा दिसतो, शेजारी कुणी बसलेलं असतं, चार चाकं आपापली उभी राहतात. दुचाकीवर नजर दोन सेकंद खाली गेली की तेवढ्यात पेव्हर ब्लॉकची उचकटलेली कड आलीच. म्हणून मला तो रॉयल एनफील्डचा ट्रिपर आवडतो, २०२० मध्ये त्यांच्या मेटिऑर मोटरसायकलबरोबर आलेला. मीटरशेजारी छोटी गोल तबकडी, त्यात फक्त एक बाण आणि पुढचं वळण किती मीटरवर तो आकडा. नकाशा नाही, हॉटेलं नाहीत, जाहिरात नाही. फोन खिशात, कोरडा, सावलीत. बीलाइन म्हणून परदेशी यंत्र आहे, तेही याच वळणाचं. पुढे रॉयल एनफील्डनेच आपल्या नव्या हिमालयन मोटरसायकलच्या तबकडीत सबंध नकाशा भरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही तो पसंत.

बाण नसेल तर आवाज. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमही असा आहे की गाडी चालवताना हातातलं यंत्र वापरायचं ते केवळ रस्ता शोधण्यापुरतं, आणि लक्ष विचलित न होईल अशा बेताने. हेल्मेटच्या आत बसणारा ब्लूटूथचा स्पीकर मी लावलाय, पण डाव्या कानाशी आणि हळू. उजव्या कानाला बेस्टची बस ऐकू आली पाहिजे. एका ॲपमधली बाई डॉ. आंबेडकर रोडला ‘ड्राइव्ह आंबेडकर रोड’ म्हणायची आणि गोखले रोडचं जे करायची ते लिहिता येत नाही, पण वळण मात्र वेळेवर सांगायची. आमच्या घरी मागे बसणाऱ्याचं उलट आहे. नवऱ्याचे उच्चार शुद्ध, पुण्यातले. फक्त ‘अगं, ते डावीकडे होतं!’ हे वळण गेल्यावर येतं.

माणसांना विचारायची सोय अजून आहेच. पानवाला, रिक्षावाला, गणपतीच्या मंडपाचे बांबू रोवणारी पोरं. मंडपाने गल्ली बंद झालीय हे त्यांना उपग्रहाच्या आधी कळतं. ‘सरळ जा, पुढे कुणालाही विचारा’ हे उत्तर पूर्वी मला चुकवाचुकवी वाटायचं. आता वाटतं, एका वेळी एकाच वळणाचं सांगायचं ही पद्धत त्या तबकडीने नंतर उचलली.

पुण्याला जायचं तर दुचाकीच्या चित्रावर बोट ठेवलं की ॲप मुकाट्याने जुन्या रस्त्याला घालतं, पनवेल, खोपोली आणि मग चढ. त्या चढावर शिंगरोबाचं देऊळ आहे. आख्यायिका अशी की बोरघाटातून वाट कुठून काढावी हे साहेबाला कळेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवं म्हटल्यावर तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या, आणि त्यांनी त्याला गोळी घातली. येणारे-जाणारे चालक तिथे नाणं टाकतात. एक्सप्रेसवेने जाणाऱ्यांना हे देऊळ लागत नाही. चारचाकीच्या चित्रावर बोट ठेवून निघालेल्यांनी ते बघितलेलंच नसतं. मी थांबते, नाणं टाकते, हेल्मेट काढून घाम पुसते. फोनवरची बाई तेवढ्यात रस्ता नव्याने आखायला लागते, तिला वाटतं मी चुकले.

ओंकारचं तूर्त असं ठरलंय. झुमो लडाखच्या वेळी, आणि तेही मित्राकडून मागून. पवईसाठी माझा जुना फोन, ज्याच्या कॅमेऱ्याची आता कुणालाच पर्वा नाही. त्यात महाराष्ट्राचा नकाशा भरून दिलाय. होल्डर त्याने लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणला, चार्जरची वायर कुर्ल्याचा मेकॅनिक रविवारी बसवून देणार आहे. प्लास्टिक आणि रबरबँड मी काढून ठेवलेत. पुठ्ठ्याची चौकट त्याने स्वतः कापायची आहे. अजून कापलेली नाही आणि वेधशाळा म्हणते पाऊस येतोय.