अंदमान: जेलच्या खाली, समुद्राकाठी

अंदमानला निघालेला मराठी माणूस विमानतळावरच ओळखू येतो. हातातल्या पिशवीत चकली-चिवड्याचे डबे, गळ्यात टूरवाल्यांचं ओळखपत्र आणि सोबत एखादे काका, जे नातवाला सावरकरांची कोठडी नेमकी कुठे आहे ते समजावून सांगत असतात. "सात नंबरची विंग, तिसरा मजला, अगदी शेवटची." विमान उतरतं तो विमानतळही सावरकरांच्याच नावाचा. मी आणि ताई कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हतो, पण संध्याकाळी सेल्युलर जेलच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला बसलो तेव्हा आजूबाजूला निम्मं पुणे आणि बाकीचं ठाणे-डोंबिवली होतं.

जेलबद्दल मी फार लिहीत नाही. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत कैद्यांकडूनच बांधून घेतलेली सात विंगांची इमारत, त्यातल्या तीन आज उभ्या आहेत. कोलू, काथ्याकूट, फाशीघर हे सगळं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं आणि तरीही तिथे उभं राहिल्यावर घसा दाटतो. दाटायलाच हवा. कार्यक्रमात आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. त्याला बंडवाले शिपाई, वहाबी, क्रांतिकारक असे सगळे आठवतात. त्याच्या आधी या बेटांवर कोण होतं ते मात्र त्याला फारसं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रॉस बेटाची बोट पकडायला जेलच्या खालच्या उतारावरून चालत वॉटर स्पोर्ट्सच्या धक्क्याकडे गेलो. तिथेच समुद्राकाठच्या बागेत एक स्मारक आहे. लोक त्याला पाठ लावून सेल्फी काढतात, आइस्क्रीम खातात, बोटीची वाट बघतात. ते अबर्डीनच्या लढाईचं स्मारक आहे. १८५९ च्या मे महिन्यात या बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी, ग्रेट अंदमानी लोकांनी, इंग्रजांच्या वसाहतीवर धनुष्यबाण घेऊन हल्ला केला आणि बंदुकांपुढे ते हरले. जेलचा पहिला दगड बसायला तेव्हा अजून सदतीस वर्षं होती. म्हणजे या किनाऱ्यावरची इंग्रजांविरुद्धची पहिली लढाई आपली नव्हे, त्यांची. आणि ती फक्त इंग्रजांविरुद्धही नव्हती. इथून पुढे ही कहाणी आपल्याला थोडी टोचायला लागते.

मार्च १८५८ मध्ये डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर नावाचा तुरुंगाधिकारी दोनशे कैदी घेऊन इथे उतरला. बहुतेक सगळे सत्तावनच्या उठावातले. त्यांच्याकडून जंगल तोडून घ्यायला त्याने लगेच सुरुवात केली. ज्यांचं जंगल होतं त्यांना तुटताना दिसत होती ती झाडं आणि तोडताना दिसत होती ती काळीसावळी हिंदुस्तानी माणसं. तरीही एका हल्ल्यात त्यांनी पायात बेडीचं कडं असलेल्या कैद्यांना बाजूला व्हायची खूण केली आणि रोख ठेवला तो मुकादमांवर. ही नोंद इंग्रजांनीच करून ठेवली आहे. मालक कोण, मुकादम कोण आणि बांधलेला कोण, हे त्यांना काही महिन्यांत उमगलं होतं.

याच कैद्यांत दुधनाथ तिवारी नावाचा बंडवाला शिपाई होता. १८५८ च्या एप्रिलमध्ये तो बऱ्याच जणांबरोबर पळाला. बाकीचे बाणांनी मेले, हा जखमी होऊन वाचला आणि अंदमानींनी त्याला आपल्यात घेतलं. वर्षभर तो त्यांच्याबरोबर राहिला, हिंडला. दोन मुलींशी त्याचं लग्न लावून दिलं गेलं. अबर्डीनवर चाल करून जायचं ठरलं तेव्हा हा त्यांच्याबरोबरच होता. ऐन वेळी त्याने पळत जाऊन वॉकरला वर्दी दिली. त्या बदल्यात त्याला माफी मिळाली आणि तो मायदेशी परतला. मागे राहिलेली त्याची एक बायको गरोदर होती.

मी स्मारकासमोर उभं राहून ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कंपनी सरकारविरुद्ध उठलेल्या माणसाने इंग्रजांनाच वाचवलं?" हो. त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बेडीतल्या माणसाला घरी जायची एकच वाट दिसली आणि त्याने ती धरली. पण त्या वाटेखाली कोण चिरडलं गेलं, ते आपल्या सत्तावनच्या गोष्टीत येत नाही.

रॉस बेटाचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. हरणं, मोर, वडाच्या मुळांनी गिळलेलं चर्च, बेकरी, नाचघर. गाइड अगदी रंगून 'पूर्वेचं पॅरिस' दाखवतो. आमच्या गाइडने दाखवलं नाही ते 'अंदमान होम'. १८६३ मध्ये इंग्रजांचा धर्मगुरू हेन्री कॉर्बिन याने या बेटावर ते सुरू केलं. अंदमानींना माणसाळवायचं, इंग्रजी शिकवायचं, कपडे घालायचे, कामाला लावायचं. देखरेखीला पुन्हा कैदीच. त्यातल्या काही जणांना कॉर्बिनने कलकत्त्याला नेलं, तिथे त्यांना बघायला झुंबड उडाली. पुढे हीच माणसं पळालेल्या कैद्यांचा जंगलात माग काढायला वापरली गेली. पोर्ट ब्लेअरला गेलेला प्रत्येक जण ज्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्यावर शहाळं पितो, त्याला याच पाद्र्याचं नाव आहे. आम्हीही प्यायलो.

खरं तर अंदमानी संपले ते लढाईत नाही, या मैत्रीत संपले. होममध्ये जन्मलेल्या सुमारे दीडशे मुलांपैकी एकही मूल दोन वर्षांपलीकडे जगलं नाही. वसाहतीतून उपदंश पसरला. १८७७ मध्ये गोवर आला. ज्यांच्या रक्ताने गोवर कधी पाहिलाच नव्हता अशा लोकांत तो वणव्यासारखा शिरला. १८७९ पासून अंदमानींवरचा अधिकारी असलेल्या पोर्टमनने लिहून ठेवलं आहे की ग्रेट अंदमानवरची निम्मी, कदाचित दोन तृतीयांश माणसं त्यात गेली. १८५८ मध्ये ग्रेट अंदमानींच्या दहा जमाती मिळून अंदाजे ५,००० माणसं होती. १९०१ च्या जनगणनेत ६२५. १९६१ मध्ये १९.

आणि याच बेटांवरची दुसरी जमात, जारवा? ते जंगलात मागे सरकले आणि जवळ येणाऱ्यावर बाण सोडत राहिले. इंग्रजांनी त्यांच्यावर मोहिमा काढल्या, त्यांच्यासाठी खास बुश पोलीस उभे केले. सगळ्यांनी त्यांना क्रूर म्हटलं. २०११ च्या जनगणनेत जारवा ३८० होते आणि ज्यांनी हात पुढे केला ते ग्रेट अंदमानी ४४. उत्तर सेंटिनेल बेटावरचे सेंटिनेली तर आजही बाहेरच्यांना दूरच ठेवतात. १८८० मध्ये पोर्टमनने त्यांच्यातलं एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं पकडून पोर्ट ब्लेअरला आणली. म्हातारा-म्हातारी आजारी पडून मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. त्या मुलांबरोबर बेटावर काय काय गेलं असेल, याचा विचार मी रात्री हॉटेलच्या पंख्याखाली बराच वेळ करत होतो.

शहरातलं मानववंशशास्त्र संग्रहालय चुकवू नका. पर्यटक तिथे पाऊण तासापेक्षा जास्त थांबत नाहीत, आम्ही दुपार घालवली. जारवांचं झाडाच्या सालीचं छातीवरचं कवच, लिटल अंदमानच्या ओंगींची होडी, ग्रेट निकोबारच्या जंगलातल्या शोम्पेनांची झोपडी, आणि भिंतीवर पोर्टमनच्या काळातले फोटो. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेला माझ्याकडे विशेषण नाही. बोआ सीनियर या बाई आठवल्या. 'बो' भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. २६ जानेवारी २०१० रोजी त्या गेल्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी सांगतात की बोलायला कुणी उरलं नाही म्हणून बोआ पक्ष्यांशी बोलत.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आमच्या यादीत नव्हत्या. पण आम्हाला मध्य अंदमानातल्या रंगत गावाला जायचं होतं आणि सरकारी बस त्याच रस्त्याने जाते, अंदमान ट्रंक रोडने. पहाटे, अंधारातच निघते. फेरारगंज मागे पडलं. या भागात १९२० च्या दशकात भांतूंना आणून वसवलं. इंग्रजांनी 'गुन्हेगार जमात' म्हणून ठरवलेले लोक. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कैकाडी-पारध्यांना ज्या कायद्याखाली डांबलं, तोच कायदा. एका उपटलेल्या जमातीकडून दुसऱ्या जमातीचं जंगल साफ करून घेणं हे साम्राज्याला फार छान जमायचं. मलबारातले मोपले, रांचीचे मजूर, सगळ्यांच्या वाट्याला हेच काम आलं.

जिर्काटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. ठरलेल्या वेळी पोलीस ताफा सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही. पुढे जारवा संरक्षित क्षेत्र. नाक्यावर चहा पिताना एक काका आमच्याशी मराठीत बोलायला आले. "ताडोबासारखंच आहे हो. नशीब असेल तर दिसतात." ताईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोण दिसतं?" काका म्हणाले, "ते... आदिवासी." आणि मग जरा ओशाळून, "नाही, म्हणजे मुलांना कुतूहल असतं." माणूस वाईट नव्हता. असा माणूस वाईट नसतो, हीच तर अडचण आहे. गुहा हे निमित्त आहे हे तिकीट विकणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही.

हा रस्ता इंग्रजांनी केलेला नाही. तो १९७० च्या दशकात आपण जारवांच्या जंगलातून काढला, तेही त्यांचे बाण खात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काही भाग बंद करायला सांगितलं. तो बंद झाला नाही, आता तो राष्ट्रीय महामार्ग आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला. त्यानंतर पोलीस कडक झाले, पण ताफे चालूच राहिले.

बसमध्ये शेजारी एक बंगाली शिक्षक होते, रंगतकडचे. त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आले, सरकारने जंगल तोडून शेती करायला जमीन दिली. रस्ता बंद करण्याच्या गोष्टीवर ते शांतपणे म्हणाले, "मेरी माँ को हार्ट अटॅक आया था। इसी रास्ते से लेके गए। बंद करो, पर पहले रोज़ का जहाज़ दो।" मला उत्तर सुचलं नाही. टुरिस्टांच्या गाड्या आणि त्यांच्या आईची अँब्युलन्स एकाच ताफ्यात धावतात आणि सरकार दोन्हींना एकच नियम लावून मोकळं होतं. टुरिस्टांना बोटीने पाठवणं काही अवघड नाही, हे त्यांनाही मान्य होतं.

त्या दोन तासांत मला रस्त्याकडेला कुणी दिसलं की नाही, ते मी लिहिणार नाही. बाकी वाट मात्र छान आहे. मिडल स्ट्रेटला बससकट फेरीत चढायचं, खारफुटीच्या मधून पलीकडे उतरायचं, आणि पुढची खाडी नव्या पुलावरून.

परतल्यावर पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात) जेट्टीजवळच्या खानावळीत आमचं मराठी ऐकून एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. "तुम्ही कुठले?" आम्ही सांगितलं. "मी कॅम्पबेल बेचा," ते अस्सल सातारी हेलात म्हणाले. ग्रेट निकोबार, देशाचं दक्षिण टोक. १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबं तिथे नेऊन वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्र. सीमेवर आपली माणसं हवीत म्हणून. यांचे आजोबा त्यांतले. जंगल कापून नारळ-सुपारी लावली, त्सुनामीत २००४ ला सगळं गेलं, पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं काढली.

"शोम्पेन दिसायचे?" ताईने विचारलं.

"लहानपणी मध घेऊन यायचे. आम्ही तांदूळ द्यायचो. आता कमी येतात." मग त्यांनी भातावर आमटी ओतली आणि प्रकल्पाविषयी बोलायला लागले. गॅलेथियाच्या खाडीत मोठं बंदर होणार, विमानतळ होणार, शहर होणार, त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. विमानतळासाठी जाणारी जमीन आहे ती मात्र यांच्यासारख्यांची. त्सुनामीत उठवलेल्या निकोबारींना आपल्या जुन्या गावी परत जायचं आहे, तीच गावं प्रकल्पात येतात. त्यांच्या कौन्सिलने आधी दिलेली संमती २०२२ मध्ये मागे घेतली.

"आमचा मोबदला तरी कागदावर येईल," ते म्हणाले, "सातबारासारखा काही ना काही उतारा आहे आमच्याकडे. शोम्पेनांकडे कुठला कागद? त्यांना विचारायला गेलेला माणूस त्यांची भाषा बोलतो का, हे तरी कुणी बघितलं का?" त्यांच्या आजोबांना जमीन मिळाली तेव्हाही हे कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच पुढे जोडलं. आणि दुसऱ्या वाढपाचा भात मागवला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बाराटांगला जायचंच असेल तर जारवांच्या जंगलातून जाणं टाळा आणि समुद्रमार्गे जाणाऱ्या बोटीची चौकशी करा. हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत. संग्रहालयात फोटोला बंदी आहे, त्यामुळे वही न्या. अबर्डीनचं स्मारक रॉसच्या बोटीच्या धक्क्याजवळच आहे, वेगळं तिकीट नाही, वेगळी रिक्षा नाही. आणि रंगतला राहिलात तर आमकुंजच्या किनाऱ्यावर जा, आम्हाला पोर्ट ब्लेअरपेक्षा तिथे जास्त बरं वाटलं.