त्या पोरांच्या हातात तलवार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, बँकेत, एसटीत, कुठेही भेटा, गेली नऊ वर्षं प्रश्न एकच: "मिरकरवाड्यातल्या पोरांच्या हातात तलवार देता, भीती नाही वाटत?" मिरकरवाडा म्हणजे रत्नागिरीचं मासेमारी बंदर. विचारणारा वाईट नसतो, बहुतेकदा काळजीनंच विचारतो. मी त्या मुलांना तलवारबाजी शिकवते, आणि दरवेळी एपे, म्हणजे आमच्या खेळातली तलवार, समजावून सांगत बसते. पातं ९० सेंटिमीटरचं, त्याला धार नसते, टोकाला बटण असतं. ते ७५० ग्रॅमपेक्षा जास्त दाबलं तरच गुणाचा दिवा लागतो. तोंडावर जाळीचा मास्क, अंगात जाड जॅकेट. कोळंबी सोलताना पोरींची बोटं जेवढी कापतात, तेवढी आमच्याकडे कधी कापलेली नाहीत.

हे सगळं खरं आहे. पण तुम्ही तलवारीबद्दल विचारलेलंच नसतं. प्रश्न 'त्या पोरां'चा असतो, हे मला कळतं आणि तुम्हालाही.

दुसरा प्रश्न, कबड्डी का नाही? कबड्डी शिकवणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत. मला तलवारबाजी येते, मी त्यात राष्ट्रीय पदक घेतलंय, म्हणून मी ती शिकवते. एपे निवडली ती पैशासाठी. फॉइल आणि सेबर या तलवारबाजीच्या दुसऱ्या दोन प्रकारांना विजेचं जॅकेट वेगळं लागतं, एपेत डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक लागलं तरी गुण, त्यामुळे तो खर्च वाचतो. शिवाय आधी हल्ला कुणाचा, हे पंचांनी ठरवायची भानगड एपेत नाही. ज्याचं टोक आधी लागलं त्याचा दिवा. मुलांना हे फार पटतं. खाऱ्या हवेनं पाती गंजतात, तलवारीला जोडायच्या वायरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. तो कसा काढायचा हे मला मुलांनीच शिकवलं. बोटीच्या इंजिनाच्या वायरींवर त्यांचा हात बसलेला असतो.

पूर्वी मी लोकांना पीटर वेस्टब्रुकची गोष्ट सांगायचे. नेवार्कच्या गरीब वस्तीतला मुलगा, आईनं पाच डॉलर देऊ केले म्हणून तलवारबाजीला गेला, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सेबरचं कांस्य जिंकला. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी संस्था काढली. तिथे शिकलेल्या कीथ आणि एरिन स्मार्ट या भावंडांनी २००८ मध्ये बीजिंगला सांघिक रौप्यं घेतली. ही गोष्ट सांगितली की माना डोलायच्या, कधी एखादा मास्कही मिळायचा. आता सांगत नाही. त्या गोष्टीत शिकवणारा चुकत नाही. मी चुकले.

एका स्पर्धेत, दुसऱ्या जिल्ह्यात, एका अकादमीच्या मुलाची परदेशी एपे हरवली. शोधाशोध झाली. एक पालक मोठ्यानं म्हणाले, "बंदरावरची पोरं आली आहेत ना." मग आयोजकांपैकी एक जण माझ्याजवळ आले. "मॅडम, तुमच्या मुलांच्या बॅगा आधी बघून घ्या, म्हणजे विषय मिटेल."

मी बघितल्या. सहाही. सगळ्यांसमोर, हॉलच्या मधोमध, मी स्वतः.

तिसरी बॅग ज्याची होती तो माझा सगळ्यात चांगला मुलगा. पंधरा वर्षांचा. तो म्हणाला, "मॅडम, माझी मी उघडतो." तोवर मी चेन ओढली होती. टॉवेल, स्टीलचा डबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला. आणि मीच त्याला दिलेली क्लबची एपे. तिला त्याच्या आईनं जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं, तोंडाला नाडी घालून. मी ती नाडी सोडली. पात्यावरचा नंबर बघायला.

हरवलेली एपे वीस मिनिटांनी त्याच पालकांच्या गाडीत सापडली. माफी कुणी मागितली नाही.

पुढची लढत त्याचीच होती. त्यानं प्रतिस्पर्ध्याला सलामी दिली, पंचांना दिली. आमच्या मुलांत नंतर कोचकडे वळायची पद्धत आहे. तो वळला नाही. १५-११ नं जिंकला, एपे पुसली, कव्हरात घातली, नाडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "मोजून घ्या, मॅडम." त्यानंतर तो क्लासला आला नाही.

मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. नकार दिला असता तर संघाला बाहेर काढलं असतं, सहा जणांचं वर्ष गेलं असतं, दहावीचे क्रीडागुण गेले असते. लपवण्यासारखं काही नव्हतं, मग दाखवायला काय हरकत? अजूनही कधीकधी मला यात तथ्य वाटतं. पण मग बाकीच्या चाळीस-पन्नास बॅगा कुणी उघडल्या का? मी तसं म्हणू शकत होते. सुचलंच नाही. आणि खरं सांगायचं तर ती चेन ओढताना क्षणभर माझ्याही मनात आलं होतं, असेल का? त्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. एपेवाल्याला समोरच्याचा चेहरा वाचायला मीच शिकवलं होतं.

तेव्हा, भीती वाटते का? एकदा वाटली होती.

तो आता बोटीवर खलाशी आहे. त्याची धाकटी बहीण माझ्याकडे येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तो तिला सोडायला येतो आणि दाराशीच थांबतो. आत ये म्हणते, मान हलवतो. गेल्या पावसात तिची वायर चालेना. मी दुसरी देते म्हटलं, तोवर ती धावत बाहेर गेली. पाहिलं तर तो पायरीवर बसून पॉलिश पेपरनं पिना घासत होता. दहा मिनिटांनी वायर तिच्या हाती आत आली. जोडली, दिवा लागला. मी दाराकडे गेले, तर पायरीवर हिरवी पूड तेवढी पडलेली.