नाकातून फुंक

श्वासातला अमोनिया मोजून किडनीचा आजार ओळखायचा, यासाठी बनवलेला आमचा सेन्सर चालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

पॉलिअॅनिलीन (वीज वाहणारा पॉलिमर) आणि टिन ऑक्साइड यांचं कंपोझिट, म्हणजे एकजीव मिश्रण आहे. नुसतं टिन ऑक्साइड घेतलं तर हीटर लावून दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावं लागतं; पॉलिमरच्या जोडीने खोलीच्या तापमानालाच काम भागतं. पॉलिमर बनवायला बर्फात ठेवलेल्या आम्लातल्या अॅनिलीनमध्ये परसल्फेट थेंबथेंब सोडायचं. घाई केली की बॅच फुकट. आधी निळसर झाक येते, मग गर्द हिरवा. तो हिरवा मनासारखा उतरला की माझा दिवस चांगला जातो.

अमोनिया या मिश्रणाच्या पातळ थरातले, म्हणजे फिल्ममधले प्रोटॉन पळवतो आणि रेझिस्टन्स चढतो. वाफेने तो उतरतो, आणि श्वास तर वाफेने जवळजवळ संपृक्त. म्हणून फुंकरीचा आलेख आधी खड्ड्यात जातो, मग वर येतो. वाटेत कॅल्शियम क्लोराइडची नळी लावून वाफ काढायची, ही सरांची कल्पना. आठवडाभर आलेख सपाट! ते अमोनियाही गिळतं, हे कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडलं असतं. पण आमच्याकडे पुस्तक उघडण्याआधी नवीन फिल्म बनवतात.

गुरुवारी नळी काढली. शेजारच्या लॅबमधल्या धडधाकट पोराला फुंकायला बसवलं. आलेख खड्ड्यातून उठला तो चढतच गेला. कॅलिब्रेशनवर, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवरून आखलेल्या मापावर ताडून पाहिलं तर अमोनिया 3 पीपीएमच्या (दहा लाखांत 3 भागांच्या) पुढे. निरोगी माणसात हा आकडा सहसा 1 पीपीएमच्या आसपास असतो. किडनी निकामी झालेल्यांत तो काही पीपीएमपर्यंत जातो.

"दादा, मला काही झालंय का?"

मी घाईघाईने दुसरी फिल्म लावली. तेच. पोराचा चेहरा पडलेला, आणि खरं सांगायचं तर माझाही. मग सुचलं म्हणून म्हटलं, "अरे, तोंड मीट. नाकातून फुंक."

खड्डा पडला, चढ गायब.

सायट्रिक आम्लाच्या पातळ पाण्याने चूळ भरायला लावली, तर तोंडाचाही आकडा घसरला. लाळेतल्या युरियाचा अमोनिया तोंडातले जिवाणूच करतात. इतके महिने आम्ही फुंकणाऱ्याच्या रक्ताचा नाही, जिभेचा हिशेब मांडत होतो, आणि प्रत्येक सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर किडनीचं चित्र!

सर म्हणाले, "त्यात काय, पद्धतीत 'नाकातून' असं लिहून टाक." लिहीन. पण नाकातून फुंकलं की अमोनियाचा रिस्पॉन्स आमच्या बेसलाइनच्या, म्हणजे अमोनिया नसतानाच्या रेषेच्या थरथरीएवढाच उरतो. जो चढ पाहून टाळ्या मिळाल्या, तो तोंडाचा होता. ते ऐकताना सर मोबाइल बघत होते.

पोराला मी दोनदा समजावलं, तरी तो रक्त तपासून आला. सगळं नॉर्मल.

सोमवारी डायलिसिसच्या रुग्णांच्या श्वासाच्या पिशव्यांची पहिली खेप येतेय. सोबतचा तक्ता आजच मिळाला. वय आहे, वेळ आहे, डायलिसिसच्या आधी की नंतर तेही आहे. तोंडातून की नाकातून, हा रकानाच नाही.